परदेशी मदतीने ड्रग्जचा धंदा थांबतो का? कोलंबिया, अफगाणिस्तान आणि आपलं नागपूर

धंतोलीकर (धागाकर्ता), शनिवार रात्री ९:५०

मंडळी, आमच्याकडे पालकांची मीटिंग झाली, विषय एमडी (मेफेड्रोन नावाचा नशेचा पदार्थ). कोणत्या टपरीमागे पुडी मिळते हे पोरांना माहीत, पालकांना माहीत, सगळ्यांनाच माहीत. त्यात एक काका उठून म्हणाले की अमेरिकेसारखं करा, जिथे माल तयार होतो त्या देशात पैसा आणि फौज पाठवा, मुळावरच घाव घाला. टाळ्या पण पडल्या. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही हे सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात यासाठी वेगळा विभागच आहे, १९७८ पासून, आज त्याला आयएनएल म्हणतात. दुसऱ्या देशांच्या पोलिसांना, कोर्टांना, तुरुंगांना, लॅबना पैसा, ट्रेनिंग, हेलिकॉप्टर सगळं हा विभाग देतो. सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे प्लॅन कोलंबिया. २००० साली क्लिंटन आणि तिकडचे अध्यक्ष पास्त्राना यांच्या काळात सुरू झाला, पहिलं पॅकेजच १.३ अब्ज डॉलरचं (शेजारी देशांचा वाटा धरून) आणि पुढच्या पंधरा वर्षांत रक्कम १० अब्जाच्या आसपास पोचली. विमानातून कोकाच्या (ज्याच्यापासून कोकेन बनते ते पीक) शेतांवर ग्लायफोसेट मारायचे, हो तेच, आपले शेतकरी तणावर मारतात ते. आता विमानातून फवारल्यावर ते काय फक्त कोकावरच पडते का, बाजूची केळी, मका, कसावा सगळं जळायचं. वाऱ्याने सीमेपलीकडे इक्वेडोरमध्ये गेलं म्हणून इक्वेडोरने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस टाकली आणि २०१३ मध्ये कोलंबियाने १.५ कोटी डॉलर देऊन ती मिटवली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ग्लायफोसेटमुळे कॅन्सर होण्याची शक्यता आहे म्हटल्यावर फवारणी बंद झाली.

आणि रिझल्ट? संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत कोलंबियात कोका २००० साली १,६०,००० हेक्टरच्या वर होता, २०१३ ला ४८,००० वर आला, तेव्हा सगळीकडे हेच मॉडेल म्हणून कौतुक चाललं होतं, आणि २०२३ ला २,५३,००० हेक्टर. म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त.

अफगाणिस्तानची गोष्ट तर अजून वाईट. २००२ ते २०१७ अमेरिकेने तिथे फक्त अफूविरोधी कामावर ८.६ अब्ज डॉलर खर्च केले, हे त्यांच्याच तपास अधिकाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये आहे. त्या सगळ्या खर्चानंतर २०१७ ला खसखशीची लागवड ३,२८,००० हेक्टर, तोपर्यंतचा उच्चांक. त्याच वर्षाच्या शेवटी एफ-२२ सारखी विमानं वापरून हेलमंद प्रांतातल्या अफूच्या लॅबवर बॉम्ब टाकायला लागले. लॅब म्हणजे काय तर मातीच्या भिंती, चूल आणि पत्र्याचे ड्रम, चार दिवसांत दुसरीकडे पुन्हा उभी. शेवटी तेही बंद केलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की या मदतीतला जो भाग फोटोत छान दिसतो तो सगळ्यात कमी कामाचा निघाला, आणि जो भाग कोणी बातमीत दाखवत नाही, लॅब, कोर्ट, माहितीची देवाणघेवाण, शेतकऱ्याला बाजार, तो टिकला. तुम्हाला काय वाटते ते लिहा.

वऱ्हाडी_माणूस, शनिवार रात्री १०:२५

भाऊ एक नंबर लिहिलं. मी हिंगणघाटकडचा, घरी कपाशी आहे म्हणून मले यातली शेतकऱ्याची बाजू लवकर समजते. आमच्याकडे खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन येते, नगदी पैसे मोजते आणि कापूस भरून नेते. सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदी) सेंटरवर भाव जास्त असला तरी तिथे नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्याच्या आत पाहिजे, गाडीभाडं द्या, लाइनीत उभे राहा, पैसे मग खात्यात कधी येतील तेव्हा येतील, म्हणून अडलेला माणूस दारातच विकते. कोलंबियाच्या जंगलात तर रस्ताच नाही, केळीचे घड बोटीने नेऊन विकता विकता सडून जातात पण कोकाची पेस्ट पिशवीत टाकली की झालं, आणि घ्यायला माणूस घरी येते. तुम्ही विमानातून विष मारलं की तो अजून आत जंगल तोडून लावते, दुसरं करणार काय तो.

अफगाणिस्तानात त्याहून पुढचं होतं, तिथे अफूवर पेरणीच्या आधीच उचल मिळायची, त्याले सलाम म्हणतात, गव्हावर कोणी देत नव्हतं. हिवाळ्यात घरी दाणे नाही तर माणूस सलाम घेणारच. आणि पीक सरकारने उपटलं तरी कर्ज डोक्यावरच राहते नं, मग ते फेडायला पुढच्या वर्षी दुप्पट पेरते, काही लोकांवर तर कर्जापायी पोरीचं लग्न लावून द्यायची पाळी आली. इंग्रजांनी २००२ मध्ये उभं पीक नष्ट केल्यावर पैसे द्यायची स्कीम काढली होती, तर लोकांनी पैसे मिळतात म्हणून अजून लावलं.

मिहान_इंजिनिअर, शनिवार रात्री ११:०५

दोन्ही पोस्ट वाचल्या, माहिती चांगली आहे पण निष्कर्ष मला मान्य नाही. धाक पाहिजेच. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये बंदी घातली आणि २०२३ मध्ये लागवड ९५ टक्के कमी झाली, २,३३,००० हेक्टरवरून थेट १०,८०० वर. एक डॉलर मदत नाही घेतली त्यासाठी. मग कडक अंमलबजावणीने होत नाही असं कसं म्हणता? आपल्याकडे पकडतात आणि सोडतात म्हणून एमडीवाले माजले आहेत. माझ्या कॉलनीत तोच मुलगा जामिनावर येऊन पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा राहतो, मी रोज बघतो, आणि माझी मुलगी त्याच कोपऱ्यावरून ट्युशनला जाते. मला कोलंबियाच्या शेतकऱ्याबद्दल वाईट वाटते पण आधी माझ्या पोरीचं बघू द्या.

धंतोलीकर, शनिवार रात्री ११:४०

मिहान भाऊ, पोरीची काळजी मलाही आहे, त्यासाठीच लिहून राहिलो. तालिबानचा आकडा खरा आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या ज्या रिपोर्टमध्ये तो आहे त्यातच पुढे बघा, अफू विकून शेतकऱ्यांना २०२२ ला १३६ कोटी डॉलर मिळाले होते ते २०२३ ला ११ कोटींवर आले. ज्यांच्याकडे जुना साठा होता त्या मोठ्या व्यापाऱ्यांना भाव वाढल्याचा फायदा झाला आणि लहान शेतकरी उपाशी. आणि २०२३ मध्येच अफूत म्यानमार एक नंबरवर गेला. एका जागी दाबलं की दुसरीकडे वर येते. ८० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातला कोकेनचा रस्ता अमेरिकेने आवळला तर सगळा माल मेक्सिकोतून जायला लागला आणि तिथले टोळीवाले मोठे झाले, मग मेक्सिकोसाठी २००८ पासून मेरिदा नावाची वेगळी मदत सुरू करावी लागली, ३ अब्ज डॉलरच्या वर गेली ती. त्या काळात मेक्सिकोच्या फेडरल पोलिसांचा मंत्री होता गेनारो गार्सिया लुना. अमेरिकेचे अधिकारी त्याच्यासोबत बसून योजना आखायचे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात तो सिनालोआ कार्टेलकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला, २०२४ ला ३८ वर्षांची शिक्षा झाली. ज्या खात्याला हेलिकॉप्टर आणि कॉम्प्युटर दिले त्याचाच प्रमुख टोळीच्या पगारावर. धाक कोणाचा आणि कोणाला, सांगा.

तुमच्या कोपऱ्यावरच्या मुलाबद्दल मात्र वकील मंडळींनी बोलावं.

ॲडव्होकेट_सिव्हिल_लाइन्स, रविवार सकाळी ८:१५

मी सेशन कोर्टात एनडीपीएसच्या (अंमली पदार्थविरोधी कायदा) केसेस बघतो, दोन्ही बाजूंनी काम केलं आहे. मिहान सर, तुमचा राग समजतो पण 'पकडतात आणि सोडतात' याच्या मागे काय असते ते जरा जवळून सांगतो, कारण धागाकर्त्याचा मुद्दा नेमका इथेच लागू होतो.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २ ग्रॅमच्या आत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. व्यावसायिक प्रमाण असलं की कलम ३७ लागते, जामीन जवळपास मिळत नाही, किमान दहा वर्षं शिक्षा. म्हणून कोपऱ्यावरच्या मुलाकडे कधीच ५० ग्रॅम नसतात, पाच-सात ग्रॅम असतात, तेही खिशात नाही, गाडीच्या सीटखाली नाहीतर विटेच्या मागे. माल ज्याचा आहे तो तिथे येतच नाही.

आता पकडल्यावर काय होते. कलम ५० प्रमाणे अंगझडतीच्या आधी त्याला विचारावं लागते की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का. पंच लागतात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, पाकिटावर लाखेची सील, सीलचा नमुना पंचनाम्यावर. २०२२ च्या नियमांप्रमाणे सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोरच काढायचं, बहुतेक पदार्थांचं ५ ग्रॅम, गांजा, चरस, अफूचं २४ ग्रॅम, प्रत्येकी दोन नग. मग ते सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्टसाठी लॅबमध्ये जाते. पंचनाम्यात वजन ५२ ग्रॅम पिशवीसकट लिहिलं आणि लॅबमध्ये निव्वळ ४९ भरलं की व्यावसायिक प्रमाणच गेलं. सीलवरचं अक्षर जुळलं नाही, मालखान्याच्या रजिस्टरला नोंद दोन दिवस उशिरा, पंच कोर्टात फिरला, संपलं. आरोपपत्राला १८० दिवस मिळतात, तरी एका प्रकरणात रिपोर्टची वाट बघत बघत सगळी मुदत जात आली होती, मी तेव्हा सरकारी बाजूला मदत करत होतो आणि जीव खाली-वर होत होता.

म्हणून परदेशी मदतीतला जो कंटाळवाणा भाग आहे ना, लॅबची उपकरणं, तपास अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग, सरकारी वकिलांचं ट्रेनिंग, त्याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. कोलंबियाबद्दल एक चांगली गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. त्यांनी २००५ पासून आपली कागदोपत्री चालणारी फौजदारी पद्धत बदलून तोंडी साक्षी-पुरावा आणि उलटतपासणीची पद्धत आणली, त्यात अमेरिकेची मदत बरीच होती. २००० साली तिथे वर्षाला ३,००० च्या वर अपहरणं होत, दहा वर्षांत ती काही शेकड्यांवर आली. कोका कमी झाला नाही पण माणसं सुरक्षित झाली, हेही मदतीचंच फळ आहे, ते नाकारू नये. अर्थात त्याच काळात कोलंबियाच्या सैन्याने निरपराध गावकऱ्यांना मारून बंडखोर म्हणून दाखवलं, तेही विसरता येत नाही. अमेरिकेत १९९७ पासून लेही कायदा आहे की मानवी हक्कांचे गंभीर गुन्हे करणाऱ्या तुकडीला मदत द्यायची नाही. कायदा चांगला, पण कागदावर तुकडी स्वच्छ दाखवणं कठीण नसते.

सेवानिवृत्त_अजनी, रविवार सकाळी ९:३०

वकील साहेबांनी बरोबर सांगितलं. मी रेल्वेत होतो, निवृत्त झालो. ओडिशाच्या मलकानगिरी-कोरापूटकडून आणि विशाखापट्टणमकडून गांजा येतो आणि आपलं स्टेशन चारही दिशांचं जंक्शन असल्याने तो इथून जातोच. बर्थखाली साखळी न लावलेली नवीकोरी ट्रॉली बॅग, आत खाकी टेपने घट्ट गुंडाळलेले विटेएवढे गठ्ठे, वास मारायला कॉफी पावडर नाहीतर डांबर गोळ्या. विचारलं तर डब्यात कोणाचीच बॅग नसते. जो सापडतो तो मजूर असतो, त्याला माल पोचवायचे दोन-चार हजार मिळणार असतात. त्याला पुढचं नाव माहीतच नसते, फक्त एक नंबर, तोही बंद. वरच्या माणसापर्यंत जायचं तर एका राज्याच्या पोलिसांनी दुसऱ्याला वेळेत सांगितलं पाहिजे. राज्याराज्यांत एवढं कठीण तर देशादेशांत किती असेल.

प्रतापनगरची_आई, रविवार दुपारी १२:१०

सगळे माल कुठून येतो यावर बोलत आहेत, घेतो कोण यावर कोणीच नाही. मी समुपदेशनाचं काम करते, मुलं माझ्यासमोर बसतात. एमडीवाला मुलगा आधी दोन रात्री जागतो, घरचे समजतात परीक्षेचा अभ्यास चालू आहे, वजन उतरते, दातावर दात घासतो, मग तीन दिवस झोप आणि चिडचिड. आई मला म्हणते, ताई, तो आधी मोबाईल विकून आला, मग माझी पाटली गेली. अशा घरात कोलंबियाचं काय करायचं? अमेरिकेने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात आग लावली आणि स्वतःच्या देशात फेंटानिलसारख्या केमिकलच्या ड्रग्जने २०२२ मध्ये ७०,००० च्या वर माणसं मेली, त्याला तर शेतच लागत नाही, केमिकल लागते फक्त. आपलंही एमडी तसंच. त्याला ना अफगाणिस्तान लागते ना कोलंबिया. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरआयने (केंद्राचं महसूल गुप्तचर खातं) आपल्या पाचपावलीत एमडीचा कारखाना पकडला होता, पातळ अवस्थेतला ५० किलोच्या वर माल. पाचपावलीत! तिथे कोणत्या देशाला मदत पाठवणार?

नीमच_ते_नागपूर, रविवार दुपारी २:४५

ताईंचं अगदी खरं. पण अफूच्या बाबतीत आपला एक अनुभव जगाला सांगण्यासारखा आहे, म्हणून लिहितो. माझं आजोळ नीमचजवळ, तिथे अफूचा सरकारी पट्टा असतो. ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ब्युरोकडून लायसन, किती जमिनीत पेरायचं ते ठरलेलं, अधिकारी शेत मोजून जातात. फेब्रुवारीत डोड्याला (खसखशीच्या बोंडाला) संध्याकाळी चिरा लावतात आणि पहाटे त्यावरचा चीक खरवडून काढतात, घरातल्या बायका-पोरं सगळे त्या दिवसांत शेतात. सरकारने ठरवलेलं उत्पन्न भरलं नाही तर पुढच्या वर्षी पट्टा जाऊ शकतो, म्हणून शेतकरी डोड्याला जिवापाड जपतो. नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यात त्याचं मॉर्फिन, कोडीन होते. थोडा माल चोरवाटेने जातोच, ते नाकारत नाही, पण लाखाच्या वर घरं कायद्याच्या आत राहून पोट भरतात.

तुर्कस्तानातही हेच झालं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या दबावाने आणि ३.५ कोटी डॉलरच्या मदतीच्या बोलीवर त्यांनी खसखस बंद केली, शेतकरी खवळले, १९७४ ला बंदी उठली. पण मग डोड्याला चिरा न लावता वाळलेलं बोंड सरकारनेच विकत घ्यायचं आणि कारखान्यात अर्क काढायचा अशी पद्धत बसवली, चोरी जवळपास बंद झाली. आणि अमेरिकेने १९८१ मध्ये नियम केला की औषधांसाठी लागणारा अफूचा कच्चा माल ८० टक्के भारत आणि तुर्कस्तानकडूनच घ्यायचा. हमखास गिऱ्हाईक देणं, माझ्या मते आजवरची सगळ्यात उपयोगी मदत हीच.

वऱ्हाडी_माणूस, रविवार दुपारी ३:२०

हे लय भारी सांगितलं भाऊ. थायलंडचं पण असंच आहे. तिथे राजाने १९६९ पासून डोंगरातल्या लोकांसाठी काम सुरू केलं, १९८८ पासून दोई तुंगच्या डोंगरात कॉफी, मॅकाडेमिया लावले. आधी रस्ता, पाणी, शाळा, नागरिकत्वाचे कागद, मग कॉफी, आणि अफू उपटायचं काम सगळ्यात शेवटी. तीस वर्षं लागली. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण विकायची सोय नाही तर कोण वाढवणार. पाच वर्षांच्या फंडात हे होत नसते, निवडणूक आली की देणाऱ्या देशाचं सरकार बदलते. आताच बघा नं, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पने एका सहीने परदेशी मदत थांबवली, कुठे अर्धवट लॅब, कुठे अर्धवट ट्रेनिंग.

मिहान_इंजिनिअर, रविवार संध्याकाळी ६:००

हे पटते आहे. पण एक राग राहतोच. अमेरिका दरवर्षी ड्रग्जवाल्या देशांची यादी काढते त्यात भारताचं नाव का? आपण काय त्यांची मदत मागायला गेलो?

धंतोलीकर, रविवार संध्याकाळी ७:१०

मिहान भाऊ, ती यादी १९८६ च्या कायद्याने सुरू झाली. यादीत नाव असणं म्हणजे सरकार नालायक असं त्यात धरत नाहीत, ज्या देशातून माल जातो किंवा जिथे तयार होतो त्याचं नाव येते, भूगोल आणि व्यापारामुळे. एका बाजूला अफगाणिस्तान-इराण, दुसऱ्या बाजूला म्यानमार, मध्ये आपण, आणि औषधं, केमिकल बनवणारा एवढा मोठा उद्योग. खरा त्रास पुढचा आहे, 'प्रयत्नात सपशेल कमी पडला' असा शिक्का बसला की मदत तोडता येते. कोलंबियाला १९९६, १९९७ ला तो बसला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा. कोलंबियाचे तेव्हाचे अध्यक्ष पेट्रो आणि ट्रम्प यांचं भांडण बघता त्यात हेक्टर किती आणि राजकारण किती हे कोणालाही कळते.

आणि आपण फक्त घेणारे नाही, देणारेही आहोत. मालदीव, सेशेल्स, मॉरिशसला आपण गस्तीच्या बोटी, विमानं दिली, त्यांच्या कोस्ट गार्डला ट्रेनिंग देतो. समुद्रात याचा फरक पडतो. मुंद्राला सप्टेंबर २०२१ मध्ये जवळपास ३,००० किलो हेरॉइन आलं ते टाल्कच्या नावाने, इराणच्या बंदर अब्बासमधून. नोव्हेंबर २०२४ ला अंदमानजवळ कोस्ट गार्डने म्यानमारची मासेमारी बोट पकडली, त्यात सुमारे ६,००० किलो मेथ (मेथॅम्फेटामाइन). त्याच महिन्यात श्रीलंकेच्या नौदलाने दिलेल्या माहितीवर आपल्या नौदलाने त्यांच्यासोबत दोन बोटी पकडल्या, ५०० किलो मेथ. शेजाऱ्याकडे बोट आणि रडार नसेल तर माहिती देऊन पण उपयोग नसतो, म्हणून ही मदत मला योग्य वाटते. पैसे खर्च करायचेच तर असे.

प्रतापनगरची_आई, रविवार रात्री ८:४०

वकील साहेब, एक कामाचं विचारते. माझ्याकडे एक आई आली आहे, मुलगा घेतो, विकत नाही. ती पोलिसांच्या भीतीने केंद्रात न्यायलाच तयार नाही. काय सांगू?

ॲडव्होकेट_सिव्हिल_लाइन्स, रविवार रात्री ९:२५

ताई, तिला कलम ६४-अ सांगा. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि प्रकरण सेवनाचं किंवा अल्प प्रमाणाचं असलं तर खटल्यापासून सूट मिळते, अट एवढीच की उपचार पूर्ण केले पाहिजेत, मध्येच सोडले तर सूट काढून घेता येते. त्यामुळे भरतीचा कागद, डॉक्टरची चिठ्ठी, डिस्चार्ज सगळं जपून ठेवायला सांगा. केंद्राच्या माहितीसाठी १४४४६ वर फोन करता येतो. आणि विकणाऱ्याबद्दल सांगायचं असेल तर १९३३, नार्कोटिक्स ब्युरोची मानस हेल्पलाइन, जुलै २०२४ पासून सुरू आहे, नाव गुप्त ठेवतात. मिहान सर, तुमच्या कोपऱ्यासाठीही तोच नंबर. फक्त मुलाचं वर्णन नका देऊ, त्याला माल देऊन जाणाऱ्या गाडीचा नंबर आणि वेळ द्या.